नोकरी भेटली, पण पेपर तोंडावर आणि लेकरं वाट बघायलीत: अशा वेळी काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, संभाजीनगरच्या कंपनीतून फोन आला होता. सोमवारपासून जॉइन व्हा म्हणायलेत. काय करावं कळंना गेलंय."

मार्चमध्ये तिची प्रॅक्टिकल होती आणि एप्रिलअखेर पेपर. शिवाय आठवड्यातून तीन संध्याकाळी ती गावातल्या हंगामी वसतिगृहात ऊसतोड कामगारांच्या लेकरांना शिकवायची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याकडे हलतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. तोवर ही लेकरं आजीपाशी किंवा वसतिगृहात असतात. घरून तिला एकच वाक्य ऐकू येत होतं: "नोकरी पुन्हा पुन्हा भेटत नसती."

अंबाजोगाईत शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो. मी स्वतः तिच्या वयाची असताना लातूरला एका खासगी कार्यालयात लागले. बोलावणं आल्यापासून तिसऱ्या दिवशी रुजू झाले आणि वस्तीवरच्या ज्या अभ्यासवर्गात शिकवत होते तिथं जाणं बंद केलं. कुणाला एका शब्दानंही सांगितलं नाही. सात लेकरं पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर दप्तर घेऊन बसत होती, हे मला फार उशिरा कळलं. नोकरी घेतल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, घरात तिची गरज होती. न सांगता निघून गेले, ते मात्र आजही टोचतं. म्हणून खाली स्वयंसेवेबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

आधी ऑफर कागदावर घ्या

फोनवर आलेलं बोलावणं म्हणजे नोकरी लागली असं नाही. "सर, ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवाल का?" एवढं विचारायला संकोच करू नका. कागद आला की पाच गोष्टी बघा: पत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, काम कोणत्या शिफ्टमध्ये, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, प्रोबेशन किती महिन्यांचं, आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का.

शिफ्टचा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या बऱ्याच कारखान्यांत शिफ्ट आठवड्याला बदलतात. कायम जनरल किंवा कायम फर्स्ट शिफ्ट असेल तर दिवस बसवता येतो. दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाईट असं फिरणार असेल तर कॉलेजची हजेरी आणि शिकवणी दोन्ही जुळवणं जवळपास अशक्य होतं. नाईट करून सकाळी लेक्चरला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन महिन्यांत ती ना धड कंपनीत दिसतात ना वर्गात.

कामासाठी पैसे मागितले, रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंग फीच्या नावानं का होईना, तर तिथंच थांबा. मूळ मेमो (गुणपत्रक) आणि टीसी कुणाकडे जमा करू नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स.

पगाराचा आकडा आणि हातात येणारा आकडा

समजा १५,००० रुपये पगार सांगितला आणि पूर्ण रकमेवर पीएफ कापला जातो. बारा टक्क्यांनी १,८०० रुपये पीएफ, पाऊण टक्का म्हणजे सुमारे ११३ रुपये ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), आणि २०० रुपये व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलींचे ते २०० वाचतात. मुलाच्या हातात आले १२,८८७. पीएफ हे तुमचेच साठणारे पैसे आहेत, पण महिन्याच्या खर्चाला ते उपयोगी पडत नाहीत.

आता शहरात राहायचं तर खोलीचा वाटा समजा २,५००, मेस ३,०००, जाणं-येणं १,०००. साडेसहा हजार इथंच गेले, उरले साडेसहाच्या आतच. याच्यासमोर तालुक्याच्या गावी घरून जाऊन करण्याजोगं ८,००० रुपयांचं अर्धवेळ काम ठेवून पाहा. आकडे तुमचे वेगळे असतील, पण वजाबाकी हीच करायची. ती आईवडिलांसमोर वहीवर करा. "पंधरा हजारांची नोकरी सोडायली" या बोलण्यातली धार वहीवरचा उरलेला आकडा बघितल्यावर बरीच कमी होते. कधी उलटंही होतं: घरावर कर्ज असतं, धाकट्याची फी थकलेली असते, आणि ते सहा हजारही फार मोठे असतात. तसं असेल तर नोकरी घ्या आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. पुढचं सगळं ती नीट कशी घ्यायची याबद्दलच आहे.

अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर हिशोब बदलतो. तिथं पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तुम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी असता. नेमणूक कोणत्या नावानं आहे ते पत्रात वाचा.

काय हलतं, काय हलत नाही

एक पान घ्या. त्यावर "नोकरी की शिक्षण की सेवा" असं लिहू नका, त्यातून फक्त डोकं दुखतं. तारखा लिहा. प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख, पेपर, परीक्षा फॉर्मची शेवटची मुदत, कंपनीनं सांगितलेली रुजू होण्याची तारीख, शिबिराचे दिवस, लेकरांच्या शाळेच्या चाचण्या. मग प्रत्येकीपुढे खूण करा: ही तारीख मी हलवू शकते, दुसरं कुणी हलवू शकतं, की कुणीच नाही.

असं केल्यावर भांडण एकदम लहान होतं. त्या मुलीच्या पानावर खरी टक्कर होती ती मार्चमधले प्रॅक्टिकलचे चार दिवस, एप्रिलमधल्या पेपरांचा आठवडा आणि पाडव्यापर्यंतच्या संध्याकाळी यांची. बाकी सगळं कुठं ना कुठं बसत होतं. थिअरीचा पेपर राहिला तर पुढच्या परीक्षेला देता येतो, पण प्रॅक्टिकल हुकलं की पुन्हा संधी मिळायला सहा महिने किंवा वर्ष लागू शकतं. रुजू होण्याची तारीख मुलांना देवानं ठरवल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात या सगळ्यांत तीच सर्वांत जास्त हलते, कारण ती एका माणसानं ठरवलेली असते आणि त्या माणसाचा नंबर तुमच्याकडे असतो.

आठवड्याचे १६८ तास

पूर्णवेळ काम: सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४८. जाण्यायेण्याचे रोज दोन धरले तर १२. झोप सात तासांनी ४९. आंघोळ, जेवण, कपडे, पाणी भरणं यांना रोज तीन, म्हणजे २१. बेरीज १३०, उरले ३८. कॉलेजची ३० तासांची लेक्चर धरली तर पंचाहत्तर टक्के हजेरीला साडेबावीस तास लागतात, जायला-यायला सहा, आणि अभ्यासाला किमान दहा. ३८ संपले, वर अर्धा तास उसना. आजारपण, पाहुणे, लग्नकार्य, शेतातली खुरपणी यातलं काहीच अजून धरलेलं नाही, आणि कॉलेजची वेळ कामाच्या वेळेवरच येते हेही सोडून दिलं आहे.

अर्धवेळ काम, रोज चार तास: २४ अधिक सहा तास प्रवास. झोप आणि घरचं तेच ७०. कॉलेज जाण्यायेण्यासह ३६, अभ्यास १२. बेरीज १४८. वीस तास शिल्लक राहतात, त्यात चार तास लेकरांना देऊन उरलेल्यात श्वास घेता येतो.

हे गणित मी प्रत्येकाला स्वतःच्या आकड्यांवर करायला लावते. "मॅडम, मी मॅनेज करीन" म्हणणाऱ्याला तर आधी. तरुण वयात अंगात ताकद असते हे खरं, पण परळीहून संभाजीनगरला जाणारी एस.टी. तुमच्या ताकदीसाठी लवकर पोहोचत नाही.

कॉलेजात काय विचारायचं

प्राचार्यांकडे थेट जाऊ नका. आधी वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख, मग कार्यालय. पहिला प्रश्न हजेरीचा. समजा सत्रात शिकवण्याचे ९० दिवस आहेत. पंचाहत्तर टक्के म्हणजे ६८ दिवस हजर राहायचं, गैरहजेरीला २२ दिवस उरतात. आतापर्यंत दहा गेले असतील तर बारा हातात आहेत. ते बारा दिवस कुठं खर्च करायचे हे ठरवलं की बराच पेच सुटतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिराचे दिवस हजेरीत धरले जातात का ते विचारा आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र फाइलला लावून घ्या.

दुसरा प्रश्न शिष्यवृत्तीचा, आणि नेमका हाच विचारायचा राहून जातो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरलेला असेल तर शिष्यवृत्ती विभागात तीन गोष्टी विचारा: हजेरी कमी झाली तर हप्ता अडकतो का, पूर्णवेळ नोकरी लागली तर पात्रता राहते का, आणि माझा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जाईल का. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे. बारा हजारांचा पगार वर्षाला १,४४,००० होतो, हे लक्षात ठेवून विचारा. मध्येच कॉलेज सोडलं तर शिष्यवृत्तीतून वळती होणारी फी आपल्याकडे मागितली जाते का, तेही विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट आनंदाची ठरू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे कामाच्या जागी घेतलेल्या प्रशिक्षणाला, क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी एककं) आहेत. तुमच्या अभ्यासक्रमात ते चार क्रेडिटचं असेल, तर एका क्रेडिटला ३० तास या हिशोबानं १२० तास होतात. नोकरी विषयाशी जुळणारी असेल तर तेच काम यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना कामाला लागण्यापूर्वी विचारा. नंतर विचारलं की मंजुरीचे कागद मागच्या तारखेचे कुठून आणायचे असा प्रश्न येतो.

आणि काहीच बसत नसेल तर? वर्ष अर्धवट टाकून निघून जाणं हा सर्वांत महागडा मार्ग आहे. झालेल्या सत्रांचे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेच्या) खात्यात दिसतायत का ते आधी तपासा. कला किंवा वाणिज्य शाखेत असाल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जवळ कुठं आहे ते शोधा. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ काम करणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच चालतं. विज्ञानाच्या मुलांना प्रयोगशाळेमुळे ही वाट अवघड जाते. शेवटच्या वर्षात, शेवटच्या सत्रात असाल तर माझं मत पक्कं आहे: आधी पदवी पूर्ण करा. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असतो, आणि मेमो हातात नसलेल्या माणसाला पुढच्या बढतीच्या वेळी पुन्हा पुन्हा थांबावं लागतं.

जे काही ठरेल त्याचा अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. तोंडी "हो हो, बघू" परीक्षेच्या वेळी कामाला येत नाही.

सेवेचं काम: सोडायचं असेल तरी हातात हात देऊन

पगार मिळत नाही म्हणून आपण हे काम यादीतून सर्वांत आधी खोडतो. घरचेही म्हणतात, "त्या फुकटच्या कामाला काय मिळायलंय?" पण ज्याला तुमची सवय झालेली असते त्याला तुमचा पगार माहीत नसतो. आई कारखान्यावर गेलेल्या आठ वर्षांच्या लेकराच्या आयुष्यातून त्या सहा महिन्यांत आणखी एक माणूस अचानक नाहीसा होणं ही छोटी गोष्ट नाही. म्हणून तुमचं काम कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा.

काही कामं तासांची असतात. राष्ट्रीय सेवा योजना हे सोपं उदाहरण. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर झालं की प्रमाणपत्राची अट पुरी होते. कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जाऊन तुमच्या नावावर किती तास लागलेत ते बघा. १५० झाले असतील तर ९० उरले, रविवारी पाच तासांनी अठरा रविवार. एवढे रविवार नसतील तर रुजू होण्याआधी सलग चार-पाच दिवस काम मागून घ्या. वृक्षलागवडीची देखरेख असो की गावातलं सर्वेक्षण, सलग दिवस देणाऱ्याची त्यांनाही गरज असते.

काही कामं दिवसाची असतात. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत पाणीवाटप, रक्तदान शिबिर, उन्हाळ्यात गावाच्या बांधबंदिस्तीला श्रमदान. त्यासाठी एक-दोन दिवसांची रजा पुरते, आणि ती आधीपासून ठरवून मागता येते.

तिसरं काम माणसांचं असतं: शिकवणं, आजारी म्हाताऱ्यांकडे जाणं, अभ्यासिका चालवणं. इथं तास मोजून भागत नाही. इथं काम सोपवावं लागतं, आणि त्याला किमान तीन आठवडे द्यावेत असा माझा आग्रह आहे.

पहिल्या आठवड्यात प्रमुखांना सांगा आणि जागेवर येणारं माणूस शोधा. एकापेक्षा दोघं बरी, एक आजारी पडलं तरी वर्ग भरतो. दुसऱ्या वर्षाची मुलं घ्या, त्यांच्याकडे अजून एक हंगाम असतो. दुसऱ्या आठवड्यात नवीन माणसाला सोबत नेऊन तुम्ही शिकवा, त्यांनी बघावं. तिसऱ्यात त्यांनी शिकवावं आणि तुम्ही मागं बसावं. लेकरांना पहिल्याच आठवड्यात सांगा. शेवटच्या दिवशी सांगून खाऊ वाटून निघून जाणं मोठ्यांना सोपं जातं, लेकरांना नाही.

आणि एक वही ठेवा. त्यात पाढे कुठपर्यंत आले एवढंच नको. कोण आजीला घेऊन दवाखान्यात जातं म्हणून मंगळवारी येत नाही, कोणाला फळ्यावरचं दिसत नाही पण तो सांगत नाही, कोणाच्या आईचा फोन शनिवारी येतो आणि त्या दिवशी त्याचं लक्ष नसतं, हे सगळं लिहा. खोलीची किल्ली कुणाकडे, खडू-वह्यांचे पैसे कुठून येतात, मुख्याध्यापकांशी शेवटचं काय बोलणं झालं, तेही. हे सगळं तुमच्या डोक्यात असतं आणि तुमच्यासोबत निघून जातं.

पूर्ण सोडायची गरज नसेल तर काम लहान करून स्वतःकडे ठेवा. तीन संध्याकाळींऐवजी महिन्यातला एक रविवार, किंवा शिकवण्याऐवजी महिन्याचा हिशोब. पण जेवढं कबूल कराल तेवढं करा. "जमलं तर येईन" असं लेकरांना सांगू नका, ती दर वेळी वाट बघतात.

कुणाशी, कधी, काय बोलायचं

क्रम असा ठेवा: कॉलेजातून तारखा पक्क्या, मग घरी वही उघडून बोलणं, मग कंपनी, आणि कंपनीचं उत्तर आलं त्याच दिवशी सेवेच्या ठिकाणी. चारही गोष्टी तीन दिवसांत व्हाव्यात. उत्तर लांबवलं की कंपनी दुसरा माणूस घेते आणि तुमच्याकडे काहीच उरत नाही.

एच.आर.शी बोलताना रडगाणं नको, लांबण नको. असं लिहिता येईल:

"नमस्कार सर. निवड केल्याबद्दल मनापासून आभार. मला ही नोकरी करायची आहे. माझी प्रॅक्टिकल परीक्षा १८ मार्चला संपते. मी २० मार्चला सकाळी रुजू होऊ शकते. एप्रिलमध्ये पेपरसाठी सहा दिवस बिनपगारी रजा लागेल, वेळापत्रक सोबत जोडलं आहे. ही तारीख चालत असेल तर कृपया मेलवर कळवावं."

यात हवी असलेली तारीख आहे, कारण आहे, पुरावा आहे, आणि रजा आधीच मागितलेली आहे. रुजू झाल्यावर पेपरची रजा मागणं फार कठीण जातं. "नाही" आलं तर एकदाच विचारा, "पुढच्या बॅचला माझा विचार होईल का?" तेही नाही म्हणाले तर तुमच्या वहीतली वजाबाकी पुन्हा बघा आणि ठरवा. नाकारायचं असेल तर त्याच दिवशी दोन ओळींत आभार मानून नाकारा. औद्योगिक वसाहतीत माणसं कंपन्या बदलतात, तोच एच.आर. दोन वर्षांनी दुसरीकडे भेटू शकतो.

घरी बोलताना वडिलांना "तुम्हाला कळत नाही" असं म्हणू नका. दुष्काळात जनावरं विकलेल्या माणसाला हातची संधी जाण्याची भीती वाटते, ती खोटी नसते. त्यांना तारीख सांगा: "दादा, नोकरी सोडायली नाही. वीस मार्चला जायलेय."

रुजू झाल्यावर

पहिले सहा आठवडे नवीन काहीही अंगावर घेऊ नका. पहिला पगार हातात आला की सुरुवातीचं पान काढा आणि खरे तास, खरा खर्च समोर लिहा. प्रवासाला दोनऐवजी तीन तास लागत असतील तर खोली बदलायची की शिफ्ट मागायची ते तेव्हाच ठरवा. झोप सहाच्या खाली गेली असेल तर महिन्याचा तो रविवारसुद्धा काही काळ सोडा, मात्र फोन करून.

त्या मुलीला कंपनीनं चार आठवडे दिले. प्रॅक्टिकल झालं, पेपरची रजा मेलवर मिळाली. वर्ग दुसऱ्या वर्षाच्या दोघींनी घेतला. त्यांना दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं अकरा लेकरांची नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढे एक ओळ. सातव्या नावापुढे होतं: "हा बोलत नाही. गणित फळ्यावर नको, पाटीवर द्या, शेजारी बसा."